फरक इवलासा, पण पुन्हा पुन्हा : मिश्रणातून पदार्थ वेगळे कसे होतात?

बेसलाइन (धागाकर्ती)

मी औषध कंपनीच्या क्यूसी (गुणवत्ता तपासणी) लॅबमध्ये एचपीएलसीवर, म्हणजे द्रावकाच्या प्रवाहात मिश्रणातले पदार्थ वेगळे करणाऱ्या यंत्रावर, काम करते. नवीन मुलं रुजू होतात तेव्हा एमएस्सी झालेली असतात, समीकरणं तोंडपाठ असतात. पण पडद्यावरचे दोन पीक (आलेखातले उंचवटे, एका पदार्थाचा एक) दाखवून "हे वेगळे का झाले?" असं विचारलं, की बहुतेकांचं एकच उत्तर येतं : "मॅडम, एकाची पोलॅरिटी जास्त आहे." (पोलॅरिटी, म्हणजे ध्रुवीयता : रेणूतला विद्युतभार एका बाजूला झुकलेला असणं.) त्यापुढे विचार जात नाही. कोणाला कोणाची ओढ, ती कशामुळे आणि किती, हे कोणी विचारतच नाही. मला वाटतं वेगळं करण्याचं सगळं रसायनशास्त्र याच प्रश्नात आहे, म्हणून हा धागा.

पालकाच्या पानापासून सुरुवात करते. पानात दोन हिरवी द्रव्यं असतात, क्लोरोफिल ए आणि क्लोरोफिल बी. ए च्या रेणूत १३७ अणू, बी च्या रेणूत १३६. फरक फक्त एका कोपऱ्यात आहे : ए मध्ये जिथे मिथिल गट आहे तिथे बी मध्ये अल्डिहाइड गट आहे. बाकी सगळा सांगाडा तोच. तरीही सिलिकाच्या पातळ थरावरून पेट्रोलियम इथर आणि ॲसिटोनचं मिश्रण चढू दिलं, की निळसर हिरवा ए पुढे जातो आणि पिवळसर हिरवा बी त्याच्या मागे राहतो. डोळ्यांना दोन पट्टे स्पष्ट दिसतात. सिलिकाच्या पृष्ठभागावर हायड्रॉक्सिल (ऑक्सिजन-हायड्रोजनचे) गट दाटीवाटीने असतात. अल्डिहाइडमधल्या ऑक्सिजनला ते हायड्रोजन बंधाने धरतात, मिथिलमध्ये धरण्यासारखं काही नसतं. केरोटीन तर नुसतं कार्बन-हायड्रोजनचं, त्याला सिलिका जवळजवळ विचारतच नाही, ते द्रावकाबरोबर थेट वर निघून जातं.

आता "किती" हा भाग. समजा कॉलमवर (बारीक कणांनी भरलेल्या नळीत) एक पदार्थ दुसऱ्यापेक्षा १.१ पट जास्त धरला जातो. या दोघांच्या ओढीतला ऊर्जेचा फरक २५ अंश सेल्सिअसला काढला तर येतो सुमारे ०.२४ किलोज्यूल प्रति मोल. पाण्याच्या दोन रेणूंमधला हायड्रोजन बंध साधारण २० किलोज्यूलचा. म्हणजे एका हायड्रोजन बंधाच्या ऐंशीव्या भागाएवढ्या फरकावर आपण दोन औषधी रेणू पूर्ण वेगळे करतो! एकदाच धरून सोडलं असतं तर हा फरक कुठे दिसलाही नसता. पण २५ सेंटिमीटरच्या कॉलममध्ये रेणू हजारो वेळा चिकटतो, सुटतो, पुन्हा चिकटतो. दर वेळचा फरक नगण्य, पण तो साठत जातो. १.१ पट फरकासाठी साधारण सहा हजार "प्लेट" (चिकटण्या-सुटण्याच्या एकेका फेरीचं काल्पनिक माप) लागतात, १.०५ पट फरकासाठी तेवीस हजारांच्या आसपास. फरक निम्मा झाला की कष्ट जवळजवळ चौपट.

लॅबमधलं एक नेहमीचं दुखणं सांगते, त्यातून ओढ म्हणजे काय ते नीट दिसतं. आपले कॉलम बहुतेक सी-१८, म्हणजे सिलिकाच्या कणांवर अठरा कार्बनच्या साखळ्या बसवलेल्या. पण साखळ्या कितीही दाट बसवल्या तरी खाली काही हायड्रॉक्सिल उघडे राहतातच. रेणूत अमाइन गट असला की बहुतेक रेणू साखळ्यांशी नीट वागतात, पण काही थोडे त्या उघड्या हायड्रॉक्सिलना घट्ट चिकटून बसतात आणि उशिरा बाहेर येतात. पीक मग उभा सुळक्यासारखा न येता मागे शेपूट ओढत येतो. ती शेपूट शेजारच्या अशुद्धीच्या बारीक पीकवर पसरली की आकडा चुकतो. यावर उपाय म्हणजे पीएच खाली आणायचा, किंवा मोबाइल फेजमध्ये (कॉलममधून वाहणाऱ्या द्रावकात) किंचित ट्रायइथिलअमाइन घालायचं. ते स्वतः अमाइन असल्याने त्या उघड्या जागा आधीच अडवून बसतं.

आणि हे आकडे चुकून चालत नाहीत. २०१८ साली व्हॅल्सार्टन या रक्तदाबाच्या औषधात एनडीएमए ही कर्करोगाचा धोका असलेली अशुद्धी सापडली आणि जगभर गोळ्या परत मागवाव्या लागल्या. त्या अशुद्धीची मान्य मर्यादा दिवसाला ९६ नॅनोग्रॅम ठरली. एवढंसं काही मोजायचं तर आधी ते बाकीच्या ढिगातून वेगळं काढता आलं पाहिजे.

आपापल्या कामातली उदाहरणं जरूर लिहा. साखर कारखाना, रंग, अत्तर, शाळेची प्रयोगशाळा, काहीही चालेल.

---

निळी_दौत

खूप छान धागा. मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. कागदावर शाईचे रंग वेगळे करण्याचा प्रयोग आम्ही दरवर्षी घेतो. दोन शंका आहेत.

पहिली : काही काळ्या पेनांचा ठिपका निळा, जांभळा, पिवळा असा सुंदर फुटतो आणि काहींचा ढिम्म हलत नाही. असं का?

दुसरी : "एक रंग पुढे का गेला?" असं विचारलं की मुलं हमखास सांगतात, "तो हलका आहे म्हणून." मी नाही म्हणते, पण त्यांना पटेल असं काय दाखवू?

---

बेसलाइन

@निळी_दौत, पहिल्या शंकेची दोन कारणं असू शकतात. परमनंट मार्कर आणि बॉलपेन यांच्या शाईतले रंग पाण्यात विरघळतच नाहीत, त्यांना पाण्यापेक्षा कागद बरा वाटतो. तिथे पाण्याऐवजी सर्जिकल स्पिरिट वापरून बघा, बरेचसे ठिपके चालू लागतात. पण काही जेल पेनांच्या शाईत रंग विरघळलेला नसून बारीक घन कणांच्या रूपात असतो. ते कण कागदाच्या तंतूंत अडकलेले असतात. त्यांना कुठलाही द्रावक हलवणार नाही. तेव्हा पाण्यावर चालणारे स्केचपेन घ्या, काळा आणि तपकिरी सगळ्यात चांगले फुटतात.

दुसऱ्या शंकेसाठी एक करून बघा. तोच ठिपका, तोच कागद, पण एका पट्टीला पाणी आणि दुसऱ्या पट्टीला स्पिरिट. बऱ्याचदा रंगांचा क्रम किंवा अंतरं बदलतात. रेणूचं वजन तर दोन्हीकडे तेच आहे! वजनावर अवलंबून असतं तर द्रावक बदलल्यावर काही फरक पडायला नको होता. मुलांना एवढं पुरतं. आकारावर चालणारी एक पद्धत आहे, जेलच्या छिद्रांतून प्रथिनं वेगळी करण्याची, पण गंमत म्हणजे तिथे मोठे रेणू आधी बाहेर येतात. लहान रेणू प्रत्येक छिद्रात शिरतात आणि त्यांनाच उशीर होतो.

---

कंडेन्सर

मी कॉलेजात सेंद्रिय रसायनशास्त्र शिकवत असे, आता निवृत्त आहे. "ओढ कोणाची कोणाला" हा प्रश्न विचारायचा असेल तर नायट्रोफिनॉलसारखं दुसरं उदाहरण नाही.

फिनॉलचं नायट्रेशन केलं की ऑर्थो आणि पॅरा अशी दोन्ही नायट्रोफिनॉलं एकत्र मिळतात. रेणुसूत्र एकच, वजन एकच, गट तेच. फरक एवढाच, की ऑर्थोमध्ये हायड्रॉक्सिल आणि नायट्रो शेजारी शेजारी आहेत आणि पॅरामध्ये समोरासमोर. शेजारी असल्यामुळे ऑर्थोचा हायड्रोजन आपल्याच रेणूतल्या नायट्रोला धरून बसतो. त्याचे हात घरातच गुंतलेले, बाहेरच्यांना द्यायला काही उरत नाही. पॅराला घरात कोणी पोचत नाही, म्हणून तो शेजारच्या रेणूंना धरतो आणि त्यांची लांबच लांब साखळी तयार होते. परिणाम बघा : ऑर्थो ४५ अंशाला वितळतो, पॅरा ११४ ला. उत्कलनबिंदू ऑर्थोचा २१५ च्या आसपास, पॅराचा २७९.

आम्ही ते वाफेच्या ऊर्ध्वपातनाने वेगळे करायचो. मिश्रणात पाण्याची वाफ सोडली की ऑर्थो तिच्याबरोबर उडून येतो आणि पॅरा फ्लास्कमध्येच राहतो, कारण त्याला त्याचे भाऊबंद आणि पाणी दोघंही धरून असतात. इथे विद्यार्थ्यांना एक गोष्ट आवर्जून सांगावी लागे. ऑर्थोचे पिवळेधमक स्फटिक थंड कंडेन्सरच्या नळीतच गोठतात आणि ती तुंबते. वाफेला वाट मिळाली नाही तर मागे दाब चढतो. म्हणून नळीत पिवळं साचताना दिसलं की कंडेन्सरचं पाणी थोडा वेळ बंद करायचं. वाफेच्या उष्णतेने स्फटिक वितळतात आणि तेलासारखे घरंगळत खाली येतात, मग पाणी पुन्हा सुरू. ज्या वर्गात हे डोळ्यांसमोर घडलं, त्या वर्गाला हायड्रोजन बंध पुन्हा शिकवावा लागला नाही.

धागाकर्तीच्या लेखात एक भर घालतो. कॉलम दुप्पट लांब केला तर पीकमधली फारकत दुप्पट होत नाही, १.४ पटच होते, कारण ती प्लेटच्या संख्येच्या वर्गमुळाप्रमाणे वाढते. वेळ आणि दाब मात्र दुप्पट लागतो. म्हणून लांबी वाढवण्याआधी द्रावक बदलून बघावा. मिथेनॉल हायड्रोजन बंधासाठी आपला हायड्रोजन देऊ शकतं, ॲसिटोनायट्राइल देऊ शकत नाही. एवढ्या बदलाने कधी कधी दोन पीकचा क्रमच उलटा होतो. पुनरावृत्ती हे बळ आहे खरं, पण ओढीतच फरक घडवून आणणं हे कसब आहे.

---

भीमाकाठ

साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत शिफ्ट इनचार्ज आहे. आमच्याकडे हीच ओढ वाट कशी अडवते, ते लिहितो.

मळीपासून आंबवलेल्या वॉशमध्ये अल्कोहोल साधारण ८ ते १० टक्के असतं. कॉलममध्ये एकावर एक ताटं असतात. प्रत्येक ताटावर वर जाणारी वाफ खाली येणाऱ्या द्रवातून बुडबुडत जाते. थोडं पाणी वाफेतून द्रवात उतरतं, थोडं अल्कोहोल द्रवातून वाफेत चढतं. हीच ती पुनरावृत्ती, प्रत्येक ताट म्हणजे एक फेरी. असं करत वजनाने ९५ टक्क्यांपर्यंत मजल सहज जाते. मग ९५.६ ला गाडी थांबते. तिथे मिश्रण ७८.२ अंशाला उकळतं आणि त्या मिश्रणाची वाफ अगदी द्रवाच्याच प्रमाणाची असते. शुद्ध अल्कोहोल ७८.४ ला उकळतं, म्हणजे मिश्रणच आधी उकळतं! मग ताटं शंभर लावा नाहीतर हजार, दर फेरीचा फरकच शून्य झाला तर साठणार काय?

पण पेट्रोलमध्ये घालायचं इथेनॉल ९९.५ टक्क्यांच्या वर लागतं. पूर्वी बेंझीन किंवा सायक्लोहेक्झेन घालून हा तिढा सोडवायचे. आता मॉलिक्युलर सिव्ह, म्हणजे रेणूंची चाळणी. झिओलाइट या सच्छिद्र पदार्थाच्या मण्यांनी भरलेल्या दोन टाक्या असतात. मण्यांतली छिद्रं ३ अँगस्ट्रॉमची (एक अँगस्ट्रॉम म्हणजे सेंटिमीटरचा दहा कोटीवा भाग), पाण्याचा रेणू आत जातो, इथेनॉलचा आत मावत नाही. एका टाकीतून गरम वाफ जाताना पाणी आत बसतं. तेवढ्यात दुसऱ्या टाकीवर निर्वात लावून, थोडी कोरड्या अल्कोहोलची वाफ फिरवून तिच्यातलं पाणी बाहेर ओढायचं. काही मिनिटांनी व्हॉल्व्ह पालटतात आणि टाक्या कामं बदलतात. कंट्रोल रूममध्ये तापमानाचा आलेख बघितला की पाणी कुठवर पोचलं ते कळतं, कारण पाणी मण्यात बसताना चांगलीच उष्णता बाहेर पडते.

---

कंडेन्सर

@भीमाकाठ, उत्तम माहिती. त्या उष्णतेवरूनच कळतं की इथे नुसतं छिद्राच्या मापाचं काम नाही. झिओलाइटच्या आत विद्युतभारित सांगाडा आणि पोटॅशियमचे आयन असतात, पाण्यासारख्या ध्रुवीय रेणूला ते जबरदस्त खेचतात. माप इथेनॉलला बाहेर ठेवतं, ओढ पाण्याला आत धरते. आतून ओढ नसती तर पाणी आत गेलं असतं आणि तसंच बाहेरही आलं असतं.

---

पावसाळी_प्रवासी

विषयाला थोडा फाटा फोडतो, पण संबंध आहे असं वाटतं. कोकणात राहतो, पावसाळ्यात बाइक आठ-आठ दिवस उभी असते. इथेनॉलवाल्या पेट्रोलमध्ये पाणी शिरलं तर सगळं "फाटतं" असं मेकॅनिक सांगतो. हे खरं आहे का?

---

भीमाकाठ

खरं आहे, आणि विषय अगदी हाच आहे. इथेनॉलच्या रेणूला एका टोकाला हायड्रॉक्सिल आहे आणि दुसऱ्या टोकाला छोटी तेलकट शेपटी, म्हणून ते पेट्रोलशीही जमवून घेतं. पण पाणी समोर आलं की त्याची जास्त ओढ पाण्याकडे. थोडं पाणी शिरलं तर ते मिश्रणात विरघळून जातं, काही होत नाही. मर्यादेबाहेर गेलं की पाणी आपल्याबरोबर इथेनॉललाही ओढून घेतं आणि दोघं मिळून टाकीच्या तळाशी वेगळा थर करतात. टाकीतून पेट्रोल तळाकडूनच घेतलं जातं, म्हणून इंजिनाला आधी तोच थर मिळतो. गाडी हलवून ते परत एकजीव होत नाही, टाकी रिकामी करावी लागते. टाकीच्या झाकणाचं रबर चांगलं ठेवा आणि गाडी उघड्या पावसात उभी करू नका.

पेट्रोलमध्ये इथेनॉल किती आहे याचा साधा अंदाज घेण्याची चाचणीही याच तत्त्वावर आहे. मोजपात्रात पेट्रोल आणि मोजून पाणी घालून हलवायचं आणि थर स्थिरावू द्यायचे. खालचा पाण्याचा थर जितका फुगला, तितकं इथेनॉल पेट्रोल सोडून पाण्यात आलं. घरी मात्र करू नका, पेट्रोलची वाफ लांबच्या ठिणगीनेही पेटते.

---

काजूबन

गोव्यातून लिहितोय. वर सगळे पदार्थ शंभर टक्के वेगळे करण्याच्या मागे आहेत, म्हणून दुसरी बाजू मांडतो. आमच्याकडे काजूच्या बोंडांचा रस आंबवून भट्टीवर चढवतात. पहिल्या वाफेतून उतरतो तो हुर्राक, अल्कोहोल साधारण १५ टक्के. तो पुन्हा भट्टीवर चढवला की फेणी, चाळीसच्या वर. कारखान्याच्या भाषेत बोलायचं तर आमच्या भट्टीला दोनच ताटं! पण म्हणूनच त्या रसातली वासाची द्रव्यं अल्कोहोलबरोबर उतरतात. भीमाकाठ यांच्या कॉलममधून काजूचा रस काढला तर शुद्ध स्पिरिट मिळेल आणि काजू हरवेल. काजू फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. किती वेगळं करायचं आणि कुठे थांबायचं हे भट्टीवाल्याला पिढ्यान्‌पिढ्यांच्या सवयीने माहीत असतं, आणि ते ज्ञान मला कुठल्याही प्रयोगशाळेतल्या ज्ञानाइतकंच मोलाचं वाटतं.

---

यॉर्कशायरवासी

मी लीड्समध्ये राहते. धाग्यात माझ्या गावचं नाव यायलाच हवं, म्हणून लिहिते.

पानातली रंगद्रव्यं खडूच्या भुकटीने भरलेल्या काचेच्या नळीत वेगळी करून दाखवली मिखाईल त्स्वेत या रशियन वनस्पतिशास्त्रज्ञाने, वॉर्सात. वेगळं करण्याच्या या पद्धतीला क्रोमॅटोग्राफी हे नाव त्याने १९०६ च्या लेखांत वापरलं. रसायनशास्त्रज्ञांनी त्याकडे फारसं लक्ष दिलं नाही. १९१९ मध्ये तो वारला, पन्नाशीही गाठली नव्हती. १९३१ मध्ये हायडेलबर्गला कून आणि लेडरर यांनी केरोटिनं वेगळी करून दाखवली तेव्हा कुठे लोक जागे झाले. याचं मला खरोखर वाईट वाटतं.

लीड्सचा भाग त्यानंतरचा. इथे लोकर उद्योगाची संशोधन संस्था होती. आर्चर मार्टिन आणि रिचर्ड सिंज तिथे लोकरीच्या प्रथिनातली अमिनो आम्लं वेगळी करू पाहत होते. ती एकमेकांसारखीच, ऊर्ध्वपातन शक्य नाही. त्यांनी १९४१ मध्ये युक्ती काढली, सिलिकामध्ये पाणी मुरवून ते जागच्या जागी धरून ठेवायचं आणि त्यावरून क्लोरोफॉर्म वाहू द्यायचा. रेणूने पाण्यात रमायचं की क्लोरोफॉर्ममध्ये, याची निवड तो वाटभर करत राहतो. त्याच लेखात त्यांनी लिहून ठेवलं होतं की द्रवाच्या जागी वायूही वापरता येईल, आणि कण फार बारीक केले तर फारकत सुधारेल. पहिली गोष्ट मार्टिनने जेम्स या सहकाऱ्याबरोबर १९५२ मध्ये करून दाखवली, दुसरी म्हणजे बेसलाइन यांचं रोजचं यंत्र. १९४४ मध्ये सिलिकाऐवजी साधा गाळणकागद आला, निनहायड्रिन हे रसायन फवारलं की अमिनो आम्लांचे जांभळे ठिपके उमटायचे. १९५२ चं नोबेल मार्टिन आणि सिंज दोघांना मिळालं.

@निळी_दौत, तुमच्या वर्गातल्या कागदावरही बहुतांशी हेच घडतं. सेल्युलोजच्या तंतूंनी धरून ठेवलेलं पाणी हीच स्थिर बाजू असते.

---

विद्यार्थी_तिसरे_वर्ष

बेसलाइन मॅडम, दोन रेणू एकमेकांची आरशातली प्रतिमा असतील तर? उत्कलनबिंदू एक, ध्रुवीयता एक, सिलिकालाही ओढ सारखीच. मग डावं-उजवं वेगळं कसं करतात?

---

बेसलाइन

@विद्यार्थी_तिसरे_वर्ष, प्रश्न अगदी बरोबर पकडलास. साध्या कॉलमवर ते कधीच वेगळे होणार नाहीत, कितीही प्लेट असोत. भीमाकाठ यांच्या ९५.६ सारखंच, दर फेरीचा फरक शून्य. म्हणून कॉलममध्येच डावं-उजवं असलेला पदार्थ बसवतात. सेल्युलोज किंवा स्टार्चमधल्या अमायलोजवर प्रक्रिया करून ते सिलिकावर चढवलेलं असतं. ही साखरेच्या रेणूंची साखळी एकाच हाताची, त्यामुळे तिच्या घडीत एक प्रतिमा दुसरीपेक्षा किंचित बरी बसते. सेटिरिझिन (ॲलर्जीचं औषध, त्यात दोन्ही प्रतिमा असतात) आणि लिव्होसेटिरिझिन (त्यातली एकच) यांतला फरक आम्ही असाच तपासतो.

---

निळी_दौत

सगळ्यांचे मनापासून आभार. यंदा शाईबरोबर पालकाचाही प्रयोग घ्यायचं ठरवलं आहे. शाळेत सिलिकाची प्लेट नाही, फक्त गाळणकागद आहे. कृती सांगाल का?

---

बेसलाइन

कागदावर चालेल. पालकाची पानं धुऊन पूर्ण कोरडी करा, पाणी राहिलं तर पट्टे फिसकटतात. खलबत्त्यात चिमूटभर खायच्या सोड्याबरोबर कुटा, पानातल्या आम्लाने क्लोरोफिलमधला मॅग्नेशियम निघून ते करडं पडतं, सोडा ते थांबवतो. अगदी थोड्या ॲसिटोनमध्ये रस काढा. कागदाच्या पट्टीवर तळापासून दोन सेंटिमीटरवर पेन्सिलीने रेघ मारा, पेनने नको, नाहीतर पेनाचीच शाई चढेल. रेघेवर बारीक नळीने ठिपका ठेवा, वाळू द्या, त्याच जागी पुन्हा ठेवा. ठिपका गडद पण लहान हवा.

उंच बरणीत नऊ भाग पेट्रोलियम इथर आणि एक भाग ॲसिटोन, उंची एक सेंटिमीटर, म्हणजे ठिपका द्रावकात बुडणार नाही. बरणी आधी झाकून थोडा वेळ ठेवा, आत वाफ भरली की पट्टी सोडा आणि पुन्हा झाका. पट्टी बरणीच्या काचेला टेकू देऊ नका. द्रावक वरच्या टोकाच्या थोडा खाली आला की काढा आणि लगेच पेन्सिलीने त्याची रेघ मारा, कारण तो पाहता पाहता उडून जातो. वरून खाली केसरी-पिवळं केरोटीन, मग फिकं पिवळं झँथोफिल, मग निळसर हिरवा ए आणि सगळ्यात खाली पिवळसर हिरवा बी असा क्रम दिसेल. प्रकाशात रंग फिके पडतात, तेव्हा फोटो त्याच वेळी काढून घ्या.

दोन्ही द्रावक पटकन पेटणारे आहेत. स्पिरिटचे दिवे त्या तासाला कपाटातच ठेवा, खिडक्या उघड्या ठेवा, आणि बरणीत द्रावक ओतायचं काम मुलांना न देता तुम्ही स्वतः करा.